दगडफूल (पार्मोट्रेमा वंश)

दगडफूल : (सं. शैलेय, शिलापुष्प, हिं. छडीला, पत्थरफूल, त. कल्पासी, ते. रातिपुव्वु, क. कल्लुहूवु, कुल – पार्मेलिएसी). मसाल्यात सुगंधासाठी घातल्या जाणाऱ्या, पानासारख्या पसरट व करड्या रंगाच्या शैवाकांचे मराठीतील सामान्य नाव. शैवाक, म्हणजेच लायकेन, हा कवक (बुरशी) व शैवल यांच्या निकट सहजीवनातून बनलेला संयुक्त जीव होय. बाजारात दगडफूल म्हणून जे विकले जाते ते एकाच जातीचे नसते. निरनिराळ्या वंशांतील शैवाके त्यात एकत्र आलेली असतात. त्यांपैकी पार्मोट्रेमा हा सर्वांत रुंद खंडांचा आणि म्हणूनच ओळखण्यास तुलनेने सोपा असा वंश असून त्यातील पार्मोट्रेमा पर्लेटम ही जाती ग्रंथांतून ‘दगडफूल’ या नावाशी विशेषेकरून जोडली जाते. वंशात सु. ३०० जाती असून त्यांचा प्रसार मुख्यत्वे उष्ण व उपोष्ण कटिबंधांतील दमट प्रदेशांत झालेला आहे.

दगडफूल हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. ते फूल नव्हे, कारण फुले येणाऱ्या वनस्पतींशी शैवाकांचा काही संबंध नाही. आणि पार्मोट्रेमाच्या बऱ्याच जाती दगडापेक्षा झाडांच्या सालीवरच अधिक वाढतात. तरीही नाव जुने आहे. ‘शैलेय’ व ‘शिलापुष्प’ या संस्कृत संज्ञा त्याच अर्थाच्या असून भावप्रकाशात शैलेयाचा समावेश कर्पूरादी वर्गात, म्हणजे सुगंधी द्रव्यांत, केलेला आहे. द्राविडी भाषांतील नावांतही ‘दगड’ हाच शब्द पुढे येतो. खडकावर वाढलेले शैवाक उघड्यावर असल्यामुळे प्रथम नजरेत भरते व झाडाच्या उंच फांदीवरचे सहसा दिसत नाही, हे या एकमताचे कारण असावे.

बीड जिल्ह्यातील केज हे बालाघाटच्या पठारी प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण या फसवणुकीचे चांगले उदाहरण आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही काळ्या मसाल्यात दगडफूल लागतेच. धने, खसखस, तीळ, खोबरे, दालचिनी, तमालपत्र यांच्याबरोबर किराणा दुकानातून ते थोडेसेच आणले जाते. तालुक्याची भूमी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची असल्यामुळे ‘दगडावरचे फूल’ येथे विपुल असावे, अशी कोणाचीही समजूत व्हावी. प्रत्यक्षात मांजरा नदीच्या या खोऱ्यात पाऊस बेताचा व तोही मुख्यतः चारच महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात तापमान ४० से. च्या वर जाते आणि खडक त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा कोरड्या मुलखातील खडकांवर पांढरट, राखी, काळसर वा पिवळे डाग दिसतात तेही शैवाकेच असतात, परंतु ती बहुधा खपलीसारखी, दगडाशी एकजीव झालेली व सुरीनेही न सुटणारी असतात. रुंद, सैल, कडा उचललेली पार्मोट्रेमाची पाने येथे तग धरू शकत नाहीत. केजच्या दुकानातील दगडफूल हे हिमालयाच्या उतारांवरून किंवा दक्षिणेकडील डोंगराळ जंगलांतून आलेले असते, आणि ते गोळा करणाऱ्याने बहुधा दगडावरून नव्हे तर झाडावरून काढलेले असते.

स्वरूप : शैवाकाच्या शरीरास कायक म्हणतात, त्यास मूळ, खोड, पान असे भेद नसतात. बाह्यरूपावरून शैवाकांचे खपलीसारखी, पानासारखी व झुडपासारखी असे तीन ढोबळ प्रकार मानण्याची जुनी रीत आहे. तिला नैसर्गिक वर्गीकरणात आता फारसे महत्त्व नसले, तरी वर्णनास ती अद्यापि सोयीची आहे. पार्मोट्रेमा हे पानासारख्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. त्याचे कायक आधारावर साधारण वर्तुळाकार पसरते व मोठ्या जातींत २०–३० सेंमी. व्यासापर्यंत वाढते. वाढ परिघाकडे होत असल्याने सर्वांत कोवळा भाग कडेला व सर्वांत जुना मध्याशी असतो. जुनी कायके मध्याशी झडून गेल्याने कधीकधी कड्यासारखी दिसतात. कायकाची कडा रुंद, गोलसर टोकांच्या खंडांत विभागलेली असते. खंडांची रुंदी सामान्यतः ०·५ ते २ सेंमी. व काही जातींत त्याहूनही अधिक असते. खंड आधाराला सपाट चिकटत नाहीत; त्यांची टोके वर उचललेली, पुष्कळदा लाटांसारखी वळलेली असतात. वाळलेल्या दगडफुलास चुरगळलेल्या कागदाचे रूप येते ते यामुळेच.

वरची बाजू करडी किंवा निळसर करडी असते, क्वचित पिवळसर हिरवी. करडा रंग ॲट्रॅनोरिन या वर्णहीन पदार्थाच्या सालीतील साठ्याशी व पिवळट छटा अस्निक अम्लाशी निगडित असते. कायक ओले झाले की वरची साल पारदर्शक बनते, आतील शैवलाचा हिरवा रंग बाहेर दिसू लागतो आणि एरवी राखेसारखे दिसणारे शैवाक काही क्षणांत हिरवे होते. कोरडे दगडफूल पाण्यात टाकल्यास हा बदल थोडाफार घरीही दिसतो. मात्र फार जुन्या मालातील शैवल मेलेले असल्याने हिरवेपणा फिका पडलेला असतो.

खालची बाजू वर्गीकरणाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. मध्यभागी ती काळी असते आणि तेथून मुळांसारखे बारीक, काळे, बहुधा साधे (न फाटलेले) धागे निघतात. त्यांना मूलकल्प म्हणतात. ते कायकाला आधारावर धरून ठेवतात; अन्नपाणी शोषण्याचे काम त्यांच्याकडे नसते. कडेकडे येताना काळा रंग जाऊन तांबूस तपकिरी किंवा काही जातींत हस्तिदंती पांढरा चकचकीत पट्टा लागतो आणि या पट्ट्यात बहुतेक जातींत मूलकल्प मुळीच नसतात. रुंद खंड, मध्याशी काळी व मूलकल्पयुक्त आणि कडेस तपकिरी व नागडी असलेली खालची बाजू, एवढ्या दोन खुणा एकत्र आढळल्या म्हणजे हाती आलेला तुकडा पार्मोट्रेमाचा असण्याचा संभव बराच वाढतो. तिसरी खूण म्हणजे कडेवरचे काळे केस. ते सर्व जातींत नसतात. पण असतात तेव्हा साध्या भिंगाने, किंबहुना नुसत्या डोळ्यांनीही, पापण्यांसारखे ओळीने उभे दिसतात.

अंतर्रचना : कायकाचा आडवा छेद घेतल्यास चार थर दिसतात. सर्वांत वर कवकतंतू घट्ट गुंफून बनलेली साल, तिच्याखाली हिरव्या शैवल-कोशिकांचा पातळ थर, त्याखाली सैल कवकतंतूंचा पांढरा, कापसासारखा गाभा आणि शेवटी खालची गडद साल. एवढे सगळे मिळूनही जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच भरते. वरच्या सालीवर अतिसूक्ष्म छिद्रे असलेला एक तलम पापुद्रा असतो व हवेची देवाणघेवाण त्या छिद्रांतून होते. तो मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. शैवल ट्रेबोक्सिया या हिरव्या एककोशिक वंशाचे असते. ते प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या शर्करेचा मोठा भाग कवकास देते. कवक त्याला निवारा, ओलावा व कडक उन्हापासून संरक्षण देते. या व्यवहारात कोणाचा लाभ अधिक, याविषयी शास्त्रज्ञांत जुना वाद असून कवकाने शैवल पाळले आहे, असे म्हणणाऱ्यांचे पारडे आजवर जड राहिले आहे. २०१६ मध्ये पार्मेलिएसी कुलातील अनेक शैवाकांच्या सालीत दुसऱ्या एका गटातील यीस्टसारखी कवकेही नियमाने सापडल्यावर दोन भागीदारांचे हे चित्रसुद्धा अपुरे ठरले.

हिरव्या शैवलाच्या शैवाकांचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. पाऊस नसताना केवळ दमट हवेतील बाष्प शोषूनही ती प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात. धुके व दहिवर असलेल्या डोंगरमाथ्यांवर ही शैवाके का फोफावतात आणि केजसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी ती का नसतात, याचा उलगडा बव्हंशी यातूनच होतो. कोरडे झाल्यावर कायकातील सर्व व्यवहार थांबतात व पुन्हा ओल मिळेपर्यंत ते निपचित राहते. परंतु दर वेळी ओले होऊन लगेच कडक उन्हात सुकावे लागले, तर मिळकतीपेक्षा श्वसनातील खर्च वाढतो आणि जीव हळूहळू खचत जातो.

शैवाके झाडाचा रस शोषतात व आंब्यासारखी झाडे वाळवितात, हा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. पार्मोट्रेमाचे मूलकल्प सालीच्या मृत थरांपलीकडे अन्नासाठी जात नाहीत. वठत चाललेल्या झाडाची पाने विरळ होऊन फांद्यांवर उजेड पडू लागला की शैवाके वाढतात. कारण व परिणाम यांची येथे अदलाबदल झालेली असते.

प्रजनन : कवकाचे लैंगिक प्रजनन कायकाच्या वरच्या बाजूस येणाऱ्या पेल्यासारख्या वा चकतीसारख्या फळांत होते. त्यांचा आतील भाग तपकिरी असतो. फळातील सूक्ष्म पिशव्यांत (धानींत) प्रत्येकी सामान्यतः आठ, वर्णहीन, एककोशिक, जाड भित्तीची बीजुके तयार होतात. अनेक जातींत पेल्याच्या तळाला मोठे झाल्यावर भोक पडते; वंशाचे नाव ढाल व भोक या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून पडले आहे ते या लक्षणामुळेच. बीजुक रुजल्यावर त्यातून केवळ कवक निघते. योग्य शैवल जवळपास भेटले तरच शैवाक बनते. ही अडचण टाळणारी दुसरी व्यवस्था पुष्कळ जातींत आढळते. काहींच्या कडेवर वा पृष्ठावर शैवल-कोशिकांभोवती कवकतंतूंचे वेटोळे असलेली पिठासारखी कणिका फुटून येते. तिला सोरेडिया म्हणतात. दुसऱ्या काहींच्या पृष्ठावर सालीने झाकलेली, टाचणीच्या टोकाएवढी खुंट्यांसारखी वाढ असते. ती इसिडिया होय. दोन्हींत दोन्ही भागीदार असल्याने वारा, पाणी किंवा मुंगीच्या पायाला चिकटून गेलेल्या एखाद्या कणापासूनही नवे कायक उभे राहू शकते. ज्या जातींत ही साधने असतात त्यांच्यात फळे क्वचितच दिसतात. जाती ओळखताना म्हणूनच प्रथम सोरेडिया आहेत, इसिडिया आहेत की दोन्ही नाहीत, हा प्रश्न विचारला जातो.

रासायनिक लक्षणे : शैवाके जी विशिष्ट अम्ले बनवितात ती बहुतांशी अन्यत्र आढळत नाहीत व ती जातिपरत्वे ठरलेली असतात. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन जातींत हा भेद निर्णायक ठरतो. फिनलंडचे शैवाकशास्त्रज्ञ विल्यम नीलांडर यांनी १८६६ मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड व विरंजक चूर्ण यांच्या विद्रावांचा थेंब टाकून रंगबदल पाहण्याची पद्धत सुरू केली. ती इतकी सोपी होती की, आपल्या मताशी न जुळणाऱ्या निष्कर्षांमुळे त्या काळच्या अनेकांना ती शास्त्रीयच वाटेना. जपानी शास्त्रज्ञ यासुहिको असाहिना यांनी १९३० नंतरच्या दशकात तिसरे विक्रियाकारक व सूक्ष्मस्फटिकांच्या चाचण्या यांची त्यात भर घातली. हल्ली पातळ थरातील वर्णलेखन हीच रूढ पद्धत आहे, तरी थेंबाची चाचणी आजही क्षेत्रकार्यात टिकून आहे. चाचणी सालीवर वेगळी व पात्याने खरवडून उघड्या केलेल्या गाभ्यावर वेगळी करतात. दोन्हींचे निकाल पुष्कळदा भिन्न असतात.

वर्गीकरणाचा इतिहास : लिनीअस यांनी १७५३ मध्ये सर्व शैवाकांना एकाच ‘लायकेन’ वंशात घालून शैवलांत बसविले, त्यांना ज्ञात अशा जाती जेमतेम ८० च्या आसपास होत्या. इंग्लंडमधील विल्यम हडसन यांनी १७६२ मध्ये वर्णन केलेली लायकेन पर्लेटस ही जाती म्हणजेच आजचे पार्मोट्रेमा पर्लेटम. लिनीअस यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी एक, स्वीडनचे एरिक आकारियस यांनी १८०३ मध्ये शैवाकांची शिस्तवार विभागणी केली व ढालीसारख्या फळांच्या पानासारख्या शैवाकांसाठी पार्मेलिया हा वंश स्थापिला. त्या वेळी शैवाक हा स्वतंत्र वनस्पतिगट समजला जाई. त्यातील हिरव्या कोशिका ही परकी शैवले आहेत हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडल्यावर नीलांडर यांच्यासह बहुतेक शैवाकतज्ञ संतापले. आपला अभ्यासविषयच कोणी हिरावून घेत आहे, असे त्यांना वाटले. आज श्वेंडेनर यांचे मत सर्वमान्य असून नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शैवाकाला दिलेले नाव त्यातील कवकाचे नाव मानले जाते. तदनुसार पार्मोट्रेमाचे स्थान धानीकवकांच्या विभागात, लेकॅनोरेलीझ गणातील पार्मेलिएसी कुलात आहे. २,७०० हून अधिक जाती असलेले हे कुल शैवाक बनविणाऱ्या कवकांत सर्वांत मोठे होय.

इटालियन शास्त्रज्ञ अब्रामो मास्सालोंगो यांनी १८६० मध्येच भोक पडलेल्या फळांच्या जातीसाठी पार्मोट्रेमा हा वंश वेगळा काढला होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही. पुढील शंभर वर्षे पार्मेलिया या एकाच नावाखाली हजाराच्या वर जाती जमा होत गेल्या व रुंद खंडांच्या जातींना त्यातला ॲम्फिजिम्निया हा उपवंश म्हणून वागविले गेले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे मेसन हेल यांनी १९६५ मध्ये या उपवंशावर प्रबंध लिहिला आणि १९७४ मध्ये मास्सालोंगो यांचे विस्मृत नाव पुन्हा पुढे आणून त्याला वंशाचा दर्जा दिला. त्याच सुमारास त्यांनी पार्मेलियातून आणखी वंश फोडले: अरुंद व पिवळसर, खडकप्रिय जातींचा झँथोपार्मेलिया, कडेवरच्या केसांच्या बुडाशी फुगवटा असलेला बल्बोथ्रिक्स इत्यादी. हे विभाजन सर्वांना एकदम पटले नाही. लखनौ विद्यापीठातील डी. डी. अवस्थी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय जातींच्या आढाव्यात पार्मेलिया हा एकच व्यापक वंश कायम ठेवला होता. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (१९९२ पासून आघारकर संशोधन संस्था) पी. जी. पटवर्धन व त्यांचे सहकारी ए. व्ही. प्रभू यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील पार्मेलियांचा जो अभ्यास केला त्यातही तेच जुने नाव आहे. पुण्यातील या संस्थेच्या अजरेकर कवक संग्रहालयात जतन केलेले नमुने महाराष्ट्रातील शैवाकांच्या अभ्यासाचा मुख्य आधार होत.

जीन-अभ्यासाने हेल यांची मुख्य मांडणी उचलून धरली, पण टोकाला गेलेली विभागणी मागेही घेतली. पृष्ठावर जाळीदार भेगा असलेल्या जातींसाठी १९९० मध्ये रिमेलिया हा वंश करण्यात आला होता. कॅनोमॅक्युलिना, कॉन्कॅमेरेला व रिमेलिएला हेही असेच वेगळे धरले जात. २००५ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून हे चारही वंश पार्मोट्रेमात परत विलीन करण्यात आले. त्याच वर्षी प्रदीप दिवाकर व डी. के. उप्रेती यांनी भारतातील पार्मेलियासदृश शैवाकांची सुधारित पाहणी प्रसिद्ध केली. खुद्द पार्मेलिया या नावाखाली आता मूळच्या हजारांपैकी केवळ काही डझन जाती उरल्या असून त्या प्रामुख्याने थंड प्रदेशांतील आहेत. त्यामुळे जुन्या मराठी व आयुर्वेदीय ग्रंथांत दगडफुलास दिलेले ‘पार्मेलिया पर्लेटा’ हे नाव वाचताना ते आजच्या पार्मोट्रेमा पर्लेटमचे आहे, असे समजावे. काही काळ याच जातीस पार्मोट्रेमा चायनेन्से असेही संबोधले जाई; नंतर हडसन यांचेच विशेषण कायम झाले.

प्रमुख जाती : पा. पर्लेटम हिच्या खंडांच्या कडेला सोरेडियांच्या गोलसर किंवा लांबट रांगा व तुरळक, आखूड केस असतात. गाभा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पिवळा होऊन नारिंगी होतो. पा. टिंक्टोरम ही भारतात सर्वत्र दमट जागी आढळणारी, मोठ्या आकाराची जाती. तिच्या कडेला केस नसतात, पृष्ठ इसिडियांमुळे खरखरीत लागते आणि गाभ्यातील लेकॅनोरिक अम्ल विरंजक चूर्णाच्या थेंबाने तत्काळ लाल होते. हिच्यापासून अमोनियाच्या साहाय्याने जांभळा रंग काढता येतो. विशेषण त्यावरूनच आले आहे. पा. रेटिक्युलॅटमच्या पृष्ठावर पांढऱ्या, बारीक रेघांचे जाळे व नंतर त्याच रेघांवर भेगा पडतात. हिच्यात मूलकल्प थेट कडेपर्यंत येतात, म्हणजे वर सांगितलेली नागड्या पट्ट्याची खूण येथे लागू पडत नाही. गाभा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आधी पिवळा व मग रक्तासारखा लाल होतो. पा. नीलघेरेन्से हिचे नाव निलगिरीवरून पडले असून तिची फळे मोठी व केस लांब, काळे व ठसठशीत असतात. सह्याद्रीत महाबळेश्वर, आंबोली यांसारख्या भरपूर पावसाच्या व धुक्याच्या ठिकाणी या वंशाच्या जाती झाडांवर सहज पाहता येतात.

बाजारातील मिश्रण : केज किंवा अन्य कोठूनही मूठभर दगडफूल आणून पांढऱ्या कागदावर पसरले व थोडे ओलावून तुकडे उलटे केले, तर त्याचे ढीग पाडता येतात. रुंद, मध्याशी काळे व कडेस तपकिरी असे तुकडे पार्मोट्रेमाचे. अरुंद, पट्टीसारखे, दोन्ही कडा खाली वळून पन्हळ झालेले व काळ्या केसांचे तुकडे पूर्वी एव्हर्निॲस्ट्रम म्हटल्या जाणाऱ्या व २०१३ पासून हायपोट्रॅकिना वंशात घातलेल्या जातींचे. हिमालयातून येणाऱ्या मालात ते पुष्कळदा सर्वाधिक भरतात. खालची बाजू पांढरी, सालविरहित व कापसासारखी असेल, तर ते हेटेरोडर्मिया. चपट्या किंवा गोल फांद्यांची, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी झुडपे रॅमॅलिना अथवा अस्निया यांची असतात. अस्नियाची ओली काडी हलके ताणल्यास आतून पांढरा, लवचिक दोरा निघतो. शिवाय सालीचे कपटे, शेवाळे व पाइनची पाने असतातच. या वर्गवारीला एका भिंगापलीकडे काही लागत नाही. जाती ठरविण्यास मात्र रासायनिक चाचणीच हवी.

उपयोग व व्यापार : दगडफुलाला कच्चे असताना मातकट, मंद वास येतो, तेलात परतल्यावर तो खुलतो. महाराष्ट्रातील गोड्या व काळ्या मसाल्याप्रमाणे तमिळनाडूतील चेट्टिनाड पद्धतीच्या स्वयंपाकातही ते आवश्यक मानतात. आयुर्वेदात ते शीतल व सुगंधी म्हणून लेप, तेले व धूपद्रव्ये यांत वापरतात. उदबत्ती व अत्तर यांच्या धंद्यातही त्याचा खप आहे.

कुमाऊँमध्ये या मालाला ‘झूला’ म्हणतात. ओक व अन्य वृक्षांच्या फांद्यांवरून तो हातांनी खरवडून, वाळवून पायथ्याच्या मंडयांत आणला जातो व तेथून देशभर जातो. गोळा करणाऱ्यांच्या दृष्टीने ही हंगामी रोख मिळकत असते आणि गोळा करताना जाती पाहिल्या जात नाहीत. शैवाकाची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच होत असल्याने तळहाताएवढे कायक बनण्यास अनेक वर्षे जातात, आणि फांदी पूर्ण खरवडली की नव्या वाढीसाठी जवळ सोरेडिया वा इसिडियाही शिल्लक राहत नाहीत. ज्या जातींना ही साधने मुळातच नाहीत व केवळ बीजुकांवर अवलंबून राहावे लागते, त्यांचे पुनरुज्जीवन अधिकच अवघड होते. मालाची नोंद ‘झूला’ किंवा ‘छडीला’ अशी एकाच नावाने व वजनाने होते. परिणामी कोणत्या जंगलातून कोणती जाती कमी होत आहे, हे व्यापाराच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

दगडफुलाच्या मूळ ठिकाणाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. शैवाकाला मुळे नसल्याने व सालीवर मेणाचे आवरण नसल्याने पाऊस, धुके व धूळ यांतून येणारे पदार्थ ते सर्वांगाने शोषते आणि त्यांतील जड धातू साठवून ठेवते. वाहनांच्या वर्दळीच्या रस्त्यालगतच्या झाडांवरून काढलेला माल व दूरच्या जंगलातील माल दिसायला सारखाच असतो. सल्फर डाय-ऑक्साइड वायूने तर शैवलातील हरितद्रव्य नष्ट होऊन कायक पांढरे पडते व गळून जाते. म्हणूनच हवेच्या शुद्धतेचे सूचक म्हणून शैवाकांचा उपयोग केला जातो. जपानमध्ये ‘उमेनोकिगोके’ (उमे वृक्षावरील शेवाळ) या नावाने परिचित असलेली पा. टिंक्टोरम हीच जाती यासाठी शहरांभोवती पाहिली जाते: औद्योगिक भागांच्या जवळ ती नाहीशी होते व दूर जावे तशी पुन्हा दिसू लागते. भारतातही शहरांतील झाडांवर अन्य ठिकाणाहून आणलेली कायके बांधून त्यांत जमणाऱ्या धातूंचे मापन करण्यात आले आहे.

दगडफुलाची लागवड कोठेही होत नाही. कवक व शैवल प्रयोगशाळेत वेगवेगळी वाढविता येतात, परंतु त्यांपासून पुन्हा पूर्ण कायक घडविणे अतिशय मंद व बेभरवशाचे काम आहे. कायकाचे तुकडे नव्या फांदीवर बांधून रुजविण्याचे प्रयोग काही प्रमाणात यशस्वी होतात, मात्र त्यासही जंगलातीलच हवा लागते. उत्तराखंड वन विभागाच्या संशोधन शाखेने २०२० मध्ये पिथोरागढ जिल्ह्यातील मुन्स्यारी येथे देशातील पहिले शैवाक उद्यान उभारले असून मसाल्याच्या दुकानात एकाच नावाने मिळणाऱ्या शैवाकांपैकी काही तेथे त्यांच्या मूळ जागी, स्वतंत्र नावांनिशी पाहता येतात.